इंदूबाईचं मंगळवारचं कोर्ट

स्लॅब खाली आला तेव्हा इंदूबाई मला शोधायला तिसऱ्या मजल्यावर गेली होती, आणि मी खाली रस्त्यावर पिठाचा डबा घेऊन उभी होते.

लोक सांगतात, बॉम्ब फुटल्यासारखा आवाज झाला. तसं काही नाही. ट्रकमधून खडी ओततात तसा आवाज झाला, फक्त तो थांबेना. चौथ्या मजल्याची जमीन तिसऱ्यावर, तिसऱ्याची दुसऱ्यावर, असं करत सगळं तळमजल्यापर्यंत आलं. मग खिडक्यांमधून पांढरी धूळ बाहेर पडली. बिल्डिंग उभीच राहिली. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, कुणीतरी गाद्या झटकतंय. आत मात्र आमच्या बाजूच्या हॉलांच्या जागी सरळ विहीर झाली होती.

पहिल्या मजल्यावरच्या लाजवंतीने माझा दंड धरला. ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी मेलेली आहे आणि पीठ घ्यायला परत आले आहे.

"पारूबाई, तू नीचे है? तो इंदू दादी किसको लाने गई?"

सिंध्यांत मोठ्या बहिणीला दादी म्हणतात. ती मलाच आणायला गेली होती.

ती वर का गेली हे सांगायचं तर तिचं कोर्ट सांगावं लागेल. नाहीतर वाटेल, म्हातारी भोळी होती. ती अजिबात भोळी नव्हती.

इंदूबाई सोनवणे माझी शेजारीण. आधी अंबरनाथला मोरिवलीच्या चाळीत, मग उल्हासनगरच्या या बिल्डिंगमध्ये. सगळं मिळून चाळीस वर्षं. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. उंच, हाडकुळी, आणि चालायची अशी की पुढे कुणीतरी पळतंय आणि त्याला पकडायचंय. चाळीतल्या बायका तिला अहो-जाहो करायच्या. मीही करायचे. पहिल्या भांडणात अगंतुगंवर आले आणि तिथेच राहिले. तिनेही कधी हरकत घेतली नाही.

हरकत हा शब्द तिचाच. "हरकत आहे," "नोंद घ्यावी," "माझ्या विद्वान मैत्रिणीने आज भात करपवलाय." हे सगळं ती टीव्हीवरून शिकली. शाळा तिची सातवी, माझी चौथी. त्या तीन इयत्तांचा तोरा तिने चाळीस वर्षं मिरवला.

तिचा नवरा कारखान्यात होता. कारखान्याच्या सोसायटीतून त्याने हप्त्यावर टीव्ही आणला. काळा-पांढरा, पुढे लाकडी दारं असलेला. आमच्या दहा खोल्यांच्या चाळीत तो पहिला. तेव्हा एकच चॅनल होतं आणि मंगळवारी संध्याकाळी अर्धा तास कोर्टाची मालिका लागायची. तिला नाव होतं, पण आम्ही कुणी ते घेतलं नाही. आम्ही कोर्टच म्हणायचो. दर मंगळवारी एक नवा खटला. एक आरोपी, दोन वकील, चार साक्षीदार आणि एक म्हातारा जज, ज्याला कायम सर्दी असायची. साक्षीदाराने पिंजऱ्यावर हात टेकला की पिंजरा हलायचा. जजच्या मागे एक खिडकी होती. दुसऱ्याच आठवड्यात इंदूबाई म्हणाली, "ही खिडकी रंगवलेली आहे. सकाळी साक्ष सुरू झाली, दुपार झाली म्हणतात, आणि यांचं ऊन जागचं हलत नाही."

आम्ही आठ-नऊ जणी तिच्या खोलीत जमायचो. रिकाम्या हाताने कुणी नाही. उल्हासनगरहून जीन्सच्या पँटींचे गठ्ठे यायचे. शिवण झाली की जागोजागी दोरे लोंबतात, ते कापून द्यायचं काम. मांडीवर पँट, हातात छोटी कात्री, डोळे टीव्हीकडे. मोरिवलीच्या कारखान्यांचा वास खिडकीतून यायचा, म्हणून खिडकी बंद. आत निळ्या रंगाचा वास. मंगळवारी आमची बोटं निळी असायची आणि तोंडं चालू.

तोंडं चालू, म्हणूनच ते पहिल्यांदा झालं. खटला संपत आला होता. नोकराने शेठाणीच्या बांगड्या चोरल्या की नाही, असा प्रश्न होता. आमच्यात दोन तट पडले आणि इतका गोंधळ झाला की इंदूबाई उठली आणि तिने टीव्हीचा आवाज बंद केला. टीव्हीचा का केला, आमचा का नाही, ते तिलाच माहीत. ती म्हणाली, "एकेकीने बोला. दारापासून सुरुवात." दारात बसलेली बोलली, मग तिच्या शेजारची. तोवर तिकडे जजचे ओठ हलून थांबले. नोकराची आई रडायला लागली. आता ती मुलगा सुटला म्हणून रडते की अडकला म्हणून, कोण सांगणार? आई दोन्हीकडे रडतेच. नावं वर जायला लागली आणि आम्हाला निकाल कळलाच नाही.

दुसऱ्या कुणाला याचं वाईट वाटलं असतं. इंदूबाईला ते फार आवडलं. पुढच्या मंगळवारपासून जजने चष्मा काढला की ही आवाज बंद करायची. निकाल आम्ही द्यायचा. प्रत्येकीने द्यायचा, कारणासकट.

"मला वाटतं," अशी कुणी सुरुवात केली की ती हात वर करायची. "वाटण्याला इथे जागा नाही. त्याला घरी ठेवून ये. काय पाहिलंस?"

"तो वाईट माणूस आहे, इंदूबाई. चेहऱ्यावरूनच कळतं."

"चेहरा त्याच्या आईबापांनी केलाय. त्यांना पकडायचं का? पाहिलंस की ऐकलंस, तेवढं सांग."

पाहिलंस की ऐकलंस. हे ती दिवसातून दहा वेळा विचारायची. दूधवाला म्हणाला, आज गाडी उशिरा आली, तर त्याला. नवरा म्हणाला, कारखान्यात संप होणार, तर त्याला. तो बिचारा हळूहळू घरी बोलेनासाच झाला. तो म्हणायचा, "मी कारखान्यातून सुटतो आणि पिंजऱ्यात येतो."

पुरुषांना खरा निकाल माहीत असायचा. ते पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या टीव्हीवर बघायचे. पण चाळीत येऊन सांगायची कुणाची छाती नव्हती. एकाने एकदा जिन्यात ओरडून सांगितलं, "अहो, तो सुटला!" इंदूबाई बाहेर आली. "तुमच्याकडे सुटला असेल. आमच्याकडे तीन वर्षं सक्तमजुरी झालीय."

तुम्ही म्हणाल, खेळ आहे. खेळच होता. पण एकदा तो माझ्यावर आला.

गठ्ठ्यात एक पँट कापलेली निघाली. मांडीवर चांगली वीतभर. शेठचा माणूस गठ्ठे न्यायला आला, त्याने ती पाहिली आणि म्हणाला, "जिसने काटा वो बोल दो, नहीं तो पूरी चाल का काम बंद." काम बंद म्हणजे दहा घरांचं बंद. सगळ्या जणी इंदूबाईच्या खोलीत बसल्या. मंगळवार नव्हता, तरी बसल्या. सगळ्यांचं म्हणणं, पारूनेच कापली. कारण मी घाईची, मी रागीट, आणि आदल्याच दिवशी त्या माणसाशी माझं वाजलं होतं.

इंदूबाईने दारापासून सुरुवात केली. "तू पाहिलंस?" नाही. "तू?" नाही. "तू काय पाहिलंस?" "पारू चिडलेली पाहिली." "ती जन्मल्यापासून चिडलेली आहे. कात्री चालवताना पाहिलंस?" नाही. सगळ्या जणी संपल्या. कुणीच काही पाहिलं नव्हतं. मी सुटले असं सगळ्यांनी धरलं.

मग तिने माझ्याकडे वळून विचारलं, "पारू, तू कापलीस का?"

"हो."

इंदूबाईने हातातली कात्री खाली ठेवली.

"मग इतका वेळ बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलंच नाही. सगळ्या एकमेकींनाच विचारत होत्या."

इंदूबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. मग डोळे पुसून तिने निकाल दिला. पँट पारूने रफू करायची, शेठकडे पारूनेच न्यायची, कुणी सोबत जायचं नाही. मी उल्हासनगरला कॅम्पात गेले. शेठने रफू बोटाने चाचपलं आणि म्हणाला, "ये बिकेगी नहीं, बाई. तेरे आदमी को दे." काम बंद झालं नाही. ती पँट माझ्या नवऱ्याने पंधरा वर्षं कारखान्यात घातली. आणि त्या दिवसापासून कोर्टात एक नवा नियम आला. आरोपीला पहिल्यांदा विचारायचं.

पुढे ती खऱ्या कोर्टातही गेली. तिच्या धाकट्या दिराचं आणि शेजाऱ्याचं नळावर भांडण झालं, दीर पडला, हात मोडला. दिराने केस केली आणि इंदूबाईला साक्षीदार केलं. उल्हासनगरच्या कोर्टात सहा-सात तारखा पडल्या. दर वेळी ती इस्त्रीची पांढरी साडी नेसून जायची आणि आम्ही चार-पाच जणी मागे. शेवटी एकदाचं तिचं नाव पुकारलं.

पहिली निराशा, जजसाहेबांकडे हातोडा नव्हता. दुसरी, खिडकी खरी होती पण तिच्यासमोर फायलींचं कपाट. तिसरी, काही ऐकूच येईना. ती पिंजऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, एक विनंती आहे. पंख्याचा आवाज फार आहे. मागच्या बाकावर या बायका अंबरनाथहून आल्यात, त्यांना काही कळत नाही."

शिपाई हसला. जजसाहेब हसले नाहीत. त्यांनी पंखा बंद करायला सांगितला. मे महिना होता. सगळं कोर्ट घामाघूम झालं, पण शब्द न् शब्द ऐकू आला.

दिराच्या वकिलाने तिला आधीच पढवलं होतं, की ढकलताना पाहिलं म्हणा. त्याने विचारलं, "आरोपीने ढकललं, ते तुम्ही पाहिलं ना?"

"नाही. मी आत भाकरी करत होते. आवाज ऐकला. बाहेर आले तेव्हा हा खाली पडलेला आणि तो उभा."

"नीट आठवून सांगा. ढकललं, ते पाहिलं ना?"

"वकीलसाहेब, भाकरी तव्यावर होती. मी ती उलटून मग बाहेर आले. तेवढ्यात ढकललं असेल नाहीतर पाय घसरला असेल. तिथे शेवाळ आहे, ते मी पाहिलंय."

केस तिथेच बसली. दीर कोर्टाच्या पायरीवर तिला म्हणाला, "वहिनी, तू आपली की त्याची?" ती म्हणाली, "मी भाकरीजवळ होते." तो दोन वर्षं तिच्याशी बोलला नाही. तिला ते लागलं, मला माहीत आहे. लहानपणी तिनेच त्याला अंगाखांद्यावर खेळवला होता. पण मला एकदाही म्हणाली नाही, की मी खोटं बोलायला हवं होतं.

तिसऱ्या वर्षी तोच आला. त्याच्या मुलीला बदलापूरच्या बेलवलीचं स्थळ आलं होतं आणि माणसं पारखायला त्याला कुणीतरी हवं होतं. आम्ही दोघी त्याच्याबरोबर गेलो. मुलाचा काका फार बोलका. मुलगा असा, मुलगा तसा. "आमचा पोरगा साधी सुपारीसुद्धा खात नाही."

"हरकत आहे," इंदूबाई म्हणाली.

सगळे चपापले. लग्नाच्या बैठकीत हरकत म्हणजे मुलगा नाकारला, असं वाटलं त्यांना.

"मुलाला विचारू या. बाळ, जीभ दाखव."

मुलाने काकाकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि सरळ जीभ बाहेर काढली. लालभडक. दिराने माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे चला. पण इंदूबाई उठेना. म्हणाली, "मुलगा चांगला आहे. खोटं काका बोलला. हा नाही बोलला. सांगितल्याबरोबर जीभ काढली. लग्न करा, काकाला मध्ये घेऊ नका." लग्न झालं. चांगलं चाललंय. तो अजून गुटखा खातो, पण लपवून नाही.

मोरिवलीची चाळ पडायला आली तेव्हा तिच्या मुलाने उल्हासनगरला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. माझा नवरा गेला होता, मुलगी चिखलोलीला सासरी. इंदूबाईने मला त्याच बिल्डिंगमध्ये, तिच्या बरोबर डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर घर बघून दिलं. का, असं मी विचारलं नाही. तीही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "वर कोण धबधब करतंय, ते निदान माहीत असावं."

मालिका कधीच संपली होती. टीव्ही रंगीत झाले, भिंतीला चिकटले. मग तिच्या सुनेने, वैशालीने, मोबाइलवर ती जुनी मालिका शोधून काढली. सगळे खटले तिथे होते. वैशालीला वाटलं, सासूबाई खूश होतील. "आई, आता खरा निकाल ऐका. चाळीस वर्षांनी."

बांगड्यांचा खटला लावला. तोच जज, तीच सर्दी. चष्मा काढला. इंदूबाईचा हात सवयीने पुढे गेला, पण मोबाइलला बटण कुठे ते तिला सापडेना. जज म्हणाला, आरोपी निर्दोष आहे. आम्ही त्या दिवशी दारापासून एकेकीने बोलून त्या नोकराला दोषी ठरवला होता. मी इंदूबाईकडे पाहिलं.

"बघ, तू एका निरपराध माणसाला चाळीस वर्षं आत ठेवलंस," मी म्हटलं.

"त्याने अपील करायचं होतं," ती म्हणाली. पण ती त्या दिवशी चहा अर्धाच प्यायली.

कोर्ट परत सुरू झालं. आता दुपारी, वैशालीच्या हॉलमध्ये. लाजवंती यायची, पापडाचं पीठ घेऊन. तिला मराठी कळतं, बोलते हिंदी. आवाज बंद करायचं काम वैशालीकडे.

आणि मग चौथ्या मजल्याचं काम निघालं. मालक दुसरीकडे राहायचा. त्याने जुन्या लाद्या काढून नव्या टाइल्स बसवायला एक कारागीर लावला. तो दिवसभर हातोडा मारायचा. माझ्या छताला एक भेग होती, ती लांब झाली. पांढरा भुगा पडायचा. मी भाजीवर झाकण ठेवायला लागले. बाकी काही केलं नाही.

एका दुपारी कोर्टात इंदूबाईने मला विचारलं, "पारू, डोक्यात काय पडलंय?"

"पीठ असेल."

"पीठ एकाच बाजूला? झोपतेस त्या बाजूला?"

ती वर आली. भेगेकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग पिठाची खळ करून आणायला लावली, कॅलेंडरच्या कागदाची पट्टी कापली आणि वैशालीला स्टुलावर चढवून ती पट्टी भेगेवर आडवी चिकटवली. "हा साक्षीदार," म्हणाली. "याला कुणी पढवू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी मधोमध फाटलेली होती.

तिने जिन्यातच कोर्ट भरवलं. लाजवंती आणि तिचा नवरा, वैशाली, मी, आणि तळमजल्यावरचा शिंपी मशीन सोडून आला होता. पट्टी सगळ्यांनी वर जाऊन पाहायची, मगच बोलायचं. सगळे बघून आले. लाजवंती म्हणाली, "मैं तो कहती हूँ, निकलो." तिचा नवरा म्हणाला, निकलो. वैशालीने तिथूनच पालिकेला फोन लावला आणि नवऱ्याला कामावरून बोलावलं. शिंपी म्हणाला, गिऱ्हाइकांचे कपडे आधी काढतो. माझी पाळी आली.

"स्लॅब निर्दोष," मी म्हटलं. "तीस वर्षं उभा आहे. मी हलणार नाही."

"कारण?"

"कारण माझे गुडघे. आणि जाऊ कुठे? मुलीच्या सासरी पसरू?"

"हे कारण नाही, हा हट्ट आहे."

"तुझं कोर्ट तुझ्याकडे ठेव, इंदूबाई. दर वेळी तूच बरोबर असतेस का? त्या बांगड्यांच्या नोकराला विचार."

हे मी बोलायला नको होतं. तिचा चेहरा उतरला. मग ती म्हणाली, "नोंद घ्यावी, पारू मूर्ख आहे," आणि वर चौथ्या मजल्यावर गेली, त्या कारागिराच्या हातातला हातोडा काढून घ्यायला.

मी माझ्या घरात गेले आणि दार आपटलं. पंधरा मिनिटं बसले. मग डोक्यात आलं, सगळे गेले तर मला पोळ्या कोण देणार? घरात पीठ नव्हतं. गिरणी एकला बंद होते. मी डबा घेतला, दार ओढून घेतलं. आमचं लॅचचं कुलूप, ओढलं की आपोआप लागतं. बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही की आत माणूस आहे की नाही. जिन्यात कुणी भेटलं नाही. सगळे आपापल्या घरात सामान बांधत होते. मी पाठीमागच्या गल्लीने गिरणीवर गेले.

पुढचं मला वैशालीने सांगितलं. सगळे खाली रस्त्यावर जमले. कारागीरही आला, हातोडा इंदूबाईच्या हातात. तिने माणसं मोजली. एक कमी.

"पारू कुठाय?"

"ऊपर ही है," लाजवंती म्हणाली. "मैंने दरवाज़ा सुना, ज़ोर से बंद किया."

सुना, म्हणाली ती. ऐकलं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी इंदूबाईने तिला तिथेच अडवलं असतं. त्या दिवशी तिने काही विचारलं नाही. हातोडा वैशालीच्या हातात दिला. वैशाली म्हणाली, मी जाते. "तुझं ती ऐकणार नाही," असं म्हणून अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई तीन मजले चढायला निघाली.

थोड्या वेळाने मी डबा घेऊन कोपऱ्यावरून वळले, आणि तेवढ्यात स्लॅब आला.

आगीचा बंब यायला अर्धा तास लागला असेल. मला तो दिवसभर वाटला. गर्दी जमली. त्यातला एक जण म्हणाला, "एक बुढ़िया थी अंदर, गई वो." मी त्याला विचारलं, "तू आत जाऊन आलास?" तो म्हणाला, "नहीं, सब बोल रहे हैं।" मी त्याच्या अंगावर गेले. लाजवंतीने मला धरलं. माझ्या हातातला डबा कुणी घेतला ते मला माहीत नाही. मी रडले नाही. मला रडता येत नाही पटकन.

जिना पडला नव्हता. बंबावरच्या माणसांनी वर जाऊन पाहिलं. माझं दार आपल्या चौकटीत जसंच्या तसं बंद होतं, आणि त्याच्या पलीकडे घर नव्हतं. दाराच्या अलीकडे, जिन्याच्या पायरीवर, इंदूबाई बसली होती. ती दार ठोकत होती. उघडलं असतं तर ती आत गेली असती. दार उघडेना म्हणून चिडून ठोकत राहिली, आणि तेवढ्यात आतलं सगळं खाली गेलं.

त्यांनी तिला उचलायला पाहिलं. ती म्हणे, "मला पाय आहेत." स्वतःच्या पायांनी खाली आली, कठडा धरून. केसांपासून नखांपर्यंत पांढरी. फक्त डोळे तेवढे काळे दिसत होते. खाली येताच तिने बंबवाल्याला विचारलं, "आतल्या बाईला काढलं का?"

मी पुढे झाले. ती माझ्याकडे बघत राहिली. तिने माझा हात धरला, सोडला, परत धरला.

"किती ठोकलं मी. दार का उघडत नव्हतीस?"

"मी गिरणीवर गेले होते."

"सांगून जायचं असतं."

"रागावले होते."

"मी तिला विचारलंच नाही, पारू." ती हळू आवाजात म्हणाली. "पाहिलंस का म्हणून. विचारलंच नाही मी."

"बरं झालं माझ्या दाराला चांगलं कुलूप आहे," मी म्हटलं.

मग ती हसली, आणि धुळीने तिला ठसका लागला, आणि लाजवंतीने तिच्या पाठीवर थापट्या मारल्या तर पाठीतून ढग उठला. ते बघून शिंपीसुद्धा हसला. गर्दी हटवायला आलेला पोलीस बघत राहिला, की या लोकांची घरं गेली आणि हे हसतायत काय.

संध्याकाळी तिचा मुलगा तिला आणि वैशालीला रिक्षात घालून बेलवलीला पुतणीकडे घेऊन गेला, त्या लाल जिभेच्या जावयाकडे. ती रिक्षात बसली, बाहेर डोकं काढलं आणि रस्त्यावर उभ्या माणसांवरून बोट फिरवत मोजायला लागली. मोजून होईपर्यंत तिने रिक्षा हलू दिली नाही. मला न्यायला चिखलोलीहून मुलगी आली होती. तिच्यामागे मी स्कूटरवर बसले.

त्या दिवशी बिल्डिंगच्या त्या बाजूला आम्ही सात माणसं होतो. तळमजल्यावरचा शिंपी, लाजवंती, तिचा नवरा, वैशाली, टाइल्सचा कारागीर, इंदूबाई आणि मी. सातही जण वाचलो.